आखूड काडतूस

बंदुकीच्या कामात हट्ट चालत नाही, हे मला सत्तरीत कळलं, कसं ते ऐका.

इंग्लंडात पिस्तुलं बंद झाली, पण पिस्तुलाचं काडतूस घेणारी रायफल क्लबात चालते. तिची काडतुसं मी लंडनजवळ पिनरला घरीच भरायचो. एकदा नेहमीपेक्षा जड गोळ्या आणल्या. त्या लांब निघाल्या आणि काडतुसं रायफलीत अडकायला लागली. मग मी प्रत्येक गोळी पितळी नळीत, दारूच्या दिशेनं आणखी आत दाबली.

ब्रायन हा क्लबातला माझा जुना दोस्त. रेंजवर त्यानं एक काडतूस मापलं.

“सदा, काडतुसं भरायच्या पुस्तकातल्या लांबीपेक्षा हे आखूड आहे. दारू कमी केलीस?”

“नाही. नेहमीचंच माप.”

“अरे, आत जागा उरली नाही. दाब वाढून रायफल तोंडावर फुटेल.”

“चाळीस वर्षं लेथवर काम केलंय. मला मापं शिकवू नकोस.”

“बरं. झाड गोळी. मी गाडीत बसतो.”

तो खरंच गेला. मी रायफल खांद्याला लावली. मागच्या बाकावर त्याचा चहा वाफाळत होता. गरम चहा टाकून जाणारा माणूस नव्हे तो. मी काडतूस बाहेर काढलं.

पार्किंगमध्ये तो काचा वर करून बसला होता. मी काच ठोठावली.

“नाही झाडली.”

“कळलं,” तो म्हणाला. “चालत आलास ना.”