शेवटचं प्रकरण

एक्स-रेसाठी नंबर लावून बसलेल्या शिंप्याशेजारी दोन बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या. धाकटीच्या सासऱ्यांना सकाळीच ऑपरेशनसाठी आत नेलं होतं.

"पिशवीत एवढी पुस्तकं?"

"सासऱ्यांची हो. डोळे अधू झालेत, म्हणून मी वाचून दाखवते."

"हे जाडजूड कसलं?"

"यशस्वी कसं व्हावं! दोन पानांत बाबा घोरायला लागले. झोपेची गोळी वाचली, एवढाच फायदा."

"आणि ही प्रेमकथा?"

"नायक पुस्तकभर नुसता उसासे टाकतो. बाबा म्हणाले, याला आधी कामाला लावा. मी मात्र रडले बाई."

"हे प्रवासवर्णन तरी छान असेल."

"छान कसलं! देशोदेशी फिरला आणि तक्रार फक्त हॉटेलातल्या गाद्यांची."

"मग आवडलं कुठलं?"

"ही खुनाची कादंबरी. आत जाताना बाबांनी माझा हात घट्ट धरला. म्हणाले, 'सूनबाई, खुनी कोण ते आत्ताच सांगून टाक. न जाणो.' म्हटलं, बाहेर या, मग शेवटचं प्रकरण वाचू."

शिंप्याचा नंबर पुकारला गेला. तो काही हलला नाही.

तेवढ्यात नर्स हसत बाहेर आली. "आजोबा शुद्धीवर आलेत, सगळं ठीक आहे. सारखं विचारतायत, खुनी माळीच ना?"

सुनेने डोळे पुसले.

"अगं, माळीच आहे का?" शेजारच्या बाईने विचारलं.

"माळीच. मी चोरून वाचलंय. पण सिस्टर, त्यांना सांगा, साफ चुकलात. मला खोटं पाडायला तरी लवकर घरी येतील."