पोथीजवळचा दिवा

रतनबाई : त्या दिव्याला म्या हात लावायची न्हाई म्हंजे न्हाई. काल वाचायचा सराव करताना पार खांद्यापत्तोर झिणझिण्या गेल्या माझ्या.

कोंडिबा : आक्का, त्याची पिन काढलीय. आता निस्तं पितळ हाय ते, तांब्यासारखं.

रतनबाई : तांब्यानं कदी मला धक्का दिला न्हाई.

नूतन : मामा, बुडाचं झाकण निघालं. जुनी वायर काढली. आता नवी ह्या दांड्यातनं वर सारू?

कोंडिबा : सार. वर होल्डरात दोन इस्क्रू दिसतील. तारा सोलून पिळून घे आन् एकेका इस्क्रूखाली आवळ.

रतनबाई : उभ्या हिर्डोशी गावाचे रेडिओ आन् दिवे दुरुस्त केलेस, कोंडिबा. आन् आज भनीच्या वक्ताला निस्तं तोंड चालवतोयस.

कोंडिबा : गळ्यात वीणा हाय, आक्का. सप्ताह उठंपत्तोर ती भुईला टेकवायची न्हाई. माझ्या जोडीचा वीणेकरी गेनबा आला की त्याच्या गळ्यात देतो आन् बसतो दिव्याला.

रतनबाई : गेनबा भोरला एसटीची वाट बघतोय. आला तर दुपारी. हितं पारायणाची घंटा झाली आन् म्या पोथीपुढं बसलेली न्हाई, तर सप्ताहाचा कारभारी धनाजी आपल्या पुतण्याला बसवणार. तसं सांगूनच गेलाय मेला.

नूतन : मी मोबाईलची बॅटरी धरू का तुमच्यापुढं, आत्याबाई?

रतनबाई : त्या पांढऱ्या उजेडात अक्षरं पळत्यात गं. ऑपरेशनच्या डोळ्याला ह्योच पिवळा दिवा सोसतो. म्हातारपणी पाटी घेऊन बसले, पोरं हसली, तरी शिकले. कशासाठी? एकदा ह्या देवळात समद्यांपुढं वाचायचं म्हनून. आन् आता हे!

कोंडिबा : नूतन, झालं?

नूतन : दोन्ही तारा आवळल्या. वायर दांड्यात अडकत होती, जोर लावून ओढली.

कोंडिबा : आता दिवा पाटावर ठेव. हात लांब ठेवून पिन घाल. टेस्टरचं टोक पितळेला लाव.

नूतन : मामा, पेटतोय टेस्टर.

कोंडिबा : पिन काढ! आदी पिन काढ!

नूतन : काढली.

रतनबाई : बघितलंस? म्या म्हनलं नव्हतं?

कोंडिबा : तारंचा एखादा केस होल्डरात बाहेर राहिला असंल.

नूतन : नाही हो. बोट फिरवून बघितलं मी. एकही बाहेर नाही.

कोंडिबा : मग दांड्यात हाय काय तरी. ते बोटालाच कळंल, हितनं सांगता यायचं न्हाई. नूतन, हात धुऊन ये.

नूतन : कशाला?

कोंडिबा : वीणा धर.

रतनबाई : काय म्हनलास? बाईच्या गळ्यात वीणा? आपल्या गावात आजवर कुनी दिली न्हाई!

कोंडिबा : पोथीपुढंबी आजवर कुठली बाई बसली न्हाई.

रतनबाई : पोथीचं येगळं.

कोंडिबा : कीर्तनात 'समदी त्याचीच लेकरं' म्हनलं की सगळ्यात आदी तुझी मान डुलती, आक्का.

रतनबाई : मान डुलायला काय जातंय! धनाजीनं बघितलं तर पोथीबी जाईल माझी.

कोंडिबा : दिवा न्हाई लागला तर तशीबी जानार.

नूतन : मामा, मला भीती वाटते. हातातनं निसटली तर?

कोंडिबा : तान्ह्याला घेतीस तशी धर. बोट तारेवर, नाव तोंडात. बसली का पट्टी खांद्यावर?

नूतन : हो, बसली... अहो मामा! हे काय? उठा!

कोंडिबा : पाय मागं घेऊ नकोस. वीणा देनारा-घेनारा एकमेकाच्या पाया पडत्यात. गेनबा माझ्या पडतो, म्या त्याच्या.

रतनबाई : गेनबा तुझी सून न्हाई! सासरा सुनंपुढं वाकनार? वर गेल्यावर आईला काय सांगू म्या?

कोंडिबा : सांग, रीत मोडली न्हाई.

(कोंडिबा सुनेच्या पायांवर डोकं ठेवतो.)

कोंडिबा : आता पक्कड दे, आक्का. हितं तूच तेवढी मोकळी.

रतनबाई : घे. लांबनंच देते.

कोंडिबा : वायर काढतो परत... हां. हितं हाय बघ. दांड्याच्या तोंडाला विळीसारखी धार हाय. वायर ओढली की कातरती. नव्या वायरीलाबी चीर पडली.

नूतन : म्हणजे माझ्याच ओढण्यानं झालं.

कोंडिबा : ओढल्याबिगर वर येती का ती? म्याबी ओढलीच असती. आक्का, कानस दे.

रतनबाई : ही?

कोंडिबा : तो पाना. खरखरीत हाय ती.

रतनबाई : ही घे. आन् हात चालव, लोकं जमाय लागली.

नूतन : मामा, पिशवीत सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आहे. वायरीवर चढवून दांड्याच्या तोंडात बसवली तर? धार लागायची नाही.

कोंडिबा : आरं, व्हय की! हे मला सुचलं न्हाई. चिरलेला तुकडा कापून टाकतो. आक्का, दांडा घट्ट धर, म्या वायर हळू सारतो.

रतनबाई : धरलाय. सावकाश... आली, आली वर.

नूतन : घंटा झाली, आत्याबाई.

रतनबाई : ऐकलं. कोंडिबा, आवळ लवकर.

कोंडिबा : आवळलं. सोड, लांब हो. पिन घालतो... टेस्टर न्हाई पेटत.

रतनबाई : परत लाव.

कोंडिबा : लावलाय. न्हाई पेटत.

रतनबाई : बुडाला लाव. दांड्याला लाव.

कोंडिबा : समदीकडं लावला, आक्का. कुठंच न्हाई.

रतनबाई : सरक मग. बटण म्या दाबते.

कोंडिबा : हात कोरडा हाय का?

रतनबाई : पदराला पुसलाय. ...लागला गं बाई.

नूतन : मामा, आता वीणा घ्या लवकर. धनाजीभाऊजी पायऱ्या चढताहेत.

कोंडिबा : आन इकडं.

रतनबाई : थांब, कोंडिबा. काळे हात घेऊन वीणा घेतोस? जा, धू आदी. सावकाश धू.

कोंडिबा : आन् धनाजी?

रतनबाई : येऊ दे. नूतन, तिकडं खांबामागं का उभी? हितं ये, माझ्याशेजारी, उजेडात.