कॅव्हिटेहून पळून आलेला

अरे बस, बस, शिडीकडं काय बघतोस सारखा — डुकरं आहेत खाली, तीच खडबडतायत. भात घे अजून. मावशीच्या घरी कसली लाज, बास्त्यान? पाठीवरचे वळ अजून ओले आहेत की रे! कॅव्हिटेच्या गोदीत नेऊन त्या स्पॅनिशांच्या जहाजांसाठी ओंडके ओढायला लावायचं, आपली माणसं अशी झोडायची, आणि इथं पाद्री सांगणार, देवाचं काम आहे. तुझ्यासोबत नेला होता तो लुकास — गेला ना? ओंडक्याखाली? ... बरं, नको सांगूस. जेवताना नको. त्याच्या आईला मी सांगते — नाही, मी नाही, माझ्याच्यानं नाही व्हायचं ते.

काका? काका गेलेत इथंच, पाद्रीबाबाकडं. गावचे म्होरके पडले ना, बोलावलं की जायचं. म्होरके कसले — सासऱ्यांच्या एका हाकेला अख्ख्या खाडीतल्या होड्या निघायच्या, आता हे नुसते त्या गोदीला माणसं पुरवतात. एक पळाला की त्याच्या जागी दुसरा द्यायचा. तू पळाल्याची खबर आली, आणि शिपाई आमच्या सिमोनला घेऊन गेले. लग्न ठरलंय रे त्याचं! पाद्रीच्या देवळामागच्या कोठडीत घातलाय, उद्या होडीत चढवणार. काका म्हणाले, पळालेलाच मिळाला तर सिमोनला सोडतील, तू फक्त त्याला — काही नाही. माडी घे. ताजी आहे.

असा बघू नकोस. जेवू घाल, बोलत बस, एवढंच म्हणाले ते. जेवू घालणं पाप आहे का? तुझी आई गेली तेव्हा माझ्याच अंगावरचं दूध प्यायलास तू, मी विसरले होय? पण तोही माझ्याच पोटचा ना — मी काय करू, सांग, काय करू मी?

कुत्री भुंकतायत. देवळाकडची. ऐक — बूट वाजतायत. ऊठ, ऊठ लवकर! मागची ताटी सरकव, खाजणात उतर, पाण्यापाण्यानं जा. काकांचं मी बघते. जा म्हणते ना!

अरे, परत काय बसलास? जेवणाचं पान काय पुढं करतोस, भात वाढ म्हणून? सिमोनसाठी थांबतोस? त्यानं मागितलंय का तुझ्याकडं काही? बास्त्यान, वेड लागलं का तुला — ते शिडीपाशी आले रे — ऊठ की... ऊठ...