बिनखुणेची झाडं

नाही, घाई करून धार लागत नाही भाऊ — बसा त्या ओंडक्यावर, करवतीच्या दोन चेन झाल्या, एक राहिली. आणि खोटं बोलू नका. दगडाला लागली म्हणे. दगडाला लागली की दात झिजतो, बोथट होतो. हा बघा, हा मुळासकट उडालाय — हे लोखंडाचं काम. जिवंत आहात, नशीब समजा. कुठे कापत होतात तेही विचारत नाही, दातांतला भुसाच सांगतोय मला. ओला, काळपट. असं लाकूड फक्त नदीच्या उगमाशी.

तुम्ही परगावचे, पोटासाठी चेनसॉ धरलेले, तुमचा काय दोष. पण ऐका. हे रान काही हात जोडायला राखलेलं नाही हं, आम्ही ते कापूनच खातो. सासरा कापायचा, नवरा कापायचा. रानाचे वीस तुकडे केलेत, कूप म्हणतो आम्ही — वर्षाला एकच कापायचा, एकविसाव्या वर्षी फिरून पहिल्यावर यायचं, तोवर तो पुन्हा उभा राहिलेला असतो. फक्त उगम सोडायचा, चारी बाजूंनी शंभर पावलं. का? — ती झाडं पाणी धरून ठेवतात, दुसरं काय. तुमच्या कंपनीला बंगले नेमके तिथेच हवेत. पाण्याचा आवाज ऐकू येणारे बंगले. झाडं गेल्यावर कुठलं पाणी आवाज करणार, एवढंच विचारायला माझा नवरा साहेबाकडे गेला होता. साहेबाच्या माणसांनी फाटकावरच धरला. दोघांनी त्याचे पंजे दगडावर दाबून धरले, तिसऱ्याने घण घेतला — आधी एक हात, मग दुसरा, मध्ये दम खायला थांबला म्हणे. आता घास मी भरवते त्याला. म्हणून या धारेच्या दुकानात मी दिसतेय, नाहीतर माझ्या हातात कानस कोण देत होतं.

मग खिळे ठोकले गेले. कुणी म्हणजे — लोकांनी, वस्तीने, कुणी का असेना. वीत-वीत लांब, गुडघ्याच्या उंचीवर, करवत लागते तिथेच, वरून सालीची खपली लावून. कंपनीला निरोपही धाडला, झाडांत लोखंड आहे, हात लावू नका. साहेब हसला. माणूस मरावा म्हणून नव्हतं हो ते — म्हणजे परका मेला तर मरो, हे मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण आपल्या माणसासाठी खूण होती. प्रत्येक झाडावर दोन आडवे घाव, पाण्याच्या बाजूला. इथला माणूस झाड पाडण्याआधी खाली उतरतो, पाण्यात उभा राहून वर बघतो, कारण झाडाचा कल खालूनच कळतो. बाप लेकाला चालायच्या आधी हे शिकवतो. म्हणजे खूण दिसणार. दिसणारच.

माझा दीर, धाकटा. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या पदराला नाक पुसायचा. भावाचे हात गेले, घर चालवायचं कुणी, म्हणून कंपनीकडे लागला. मला बोलला नाही — कुठल्या तोंडाने बोलणार? आणि कंपनीने रस्ता काढला होता वरून, डोंगरमाथ्याने. गाडीने थेट झाडाशी उतरवलं, मागे मुकादम घड्याळ बघत उभा. पाण्यात कोण उतरतंय? त्याने वरच्याच बाजूने करवत लावली. आपला माणूस वरून येईल हे मला सुचलंच नाही. जन्मात कुणी वरून आलं नव्हतं.

चेन तुटली ती इथे बसली, कानाखाली. मी पोचले तेव्हा सगळे लांब उभे, मशीन अजून घरघरत होतं. मी जखमेत बोटं घातली, दाबली, तरी रक्त मनगटावरून येतच होतं, उताराने पाण्यात चाललं होतं. तो म्हणाला, "वहिनी, खूण कुठे होती?" मी बोट करून दाखवली. त्याने मान वळवायचा प्रयत्न केला. वळली नाही.

हो, मलाच ठाऊक होती. काय बघताय? मीच ठोकले, सगळे.

लोक म्हणाले, उपट आता. गेलेही होते पहार घेऊन. पहिला खिळा अर्धा वर आला आणि वाटलं, हा निघाला तर माझा दीर फुकट मेला. परत आत घातला. मग आणखी चौदा ठोकले, आणि जुन्या खुणा होत्या त्या तासून टाकल्या. आता वरून या, नाहीतर खालून या. पाप आहे, मला कळतं. पण खाली अकरा गावं ते पाणी पितात, आणि पाप वाटून घ्यायला मी कुणाला बोलावलेलं नाही.

कुठली झाडं? — ते नाही सांगायची. सांगितलं की तेवढी सोडून बाकीची पाडाल. ह्या घ्या चेन, वस्तऱ्यासारख्या झाल्यात. धार लावण्यात कुचराई करत नाही मी. अकराव्या कूपात जा, यंदा त्याची पाळी आहे, हवं तेवढं काम मिळेल. आणि उगमाकडे —

कोण? वर कोण आहे म्हणालात? तुमचा भाऊ. सख्खा. एक चेन धड होती म्हणून तो तिथेच राहिला — अहो, मग इतका वेळ बसलात काय? मीच बसवलं. हो, मीच बसवलं. गप्प, ऐका. कानस चालू होती म्हणून मला कळलंच नाही. वर करवत चालू आहे. आवाज जड झाला — लाकडात शिरली. पळा. काळ्या खडकापासून तिसरं, त्याच्या शेजारचं जुळं, पाण्यावर वाकलेली सगळीच्या सगळी — ओरडत जा, खालून ओरडा, मी सांगितलं म्हणा, मीच —

बंद पडली.

झाड पडल्याचा आवाज आला का तुम्हाला? मला नाही आला.