शेजारचा तारा

धाकटी: नाही म्हणजे काय? गेल्या रविवारी तर होता.

थोरली: ग्रह कधीच नव्हता, चिमे. मला दिसला, एवढंच.

धाकटी: अगं ताई, बाबांनी सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय. भेटायला येईल त्याला खाटेशी बसवून ऐकवतात. उद्या तुझं ते भाषण, मग नोकरी कायम होणार, आणि आता हे काय नवीन काढलंस?

थोरली: ताऱ्याचा प्रकाश नुसता मोजून भागत नाही गं. हवा बदलते, ढग येतात. म्हणून शेजारचा एक न बदलणारा तारा धरायचा आणि त्याच्याशी आपला ताडून बघायचा. आपला ठरावीक दिवसांनी जरा मंद झाला, तर त्याच्यासमोरून ग्रह जात असेल.

धाकटी: पाठ आहे मला. बाबा जेवताना हेच ऐकवतात. पुढे बोल.

थोरली: आज सकाळी त्या शेजाऱ्यालाच बाकीच्या ताऱ्यांशी ताडून बघितलं. ठरावीक दिवसांनी तो थोडा उजळतो. माझा तारा मंद होतच नव्हता. शेजारी उजळला की माझा मंद वाटायचा.

धाकटी: मग इतके दिवस शेजाऱ्याला कुणीच तपासलं नाही?

थोरली: संस्थेत पहिल्यापासून तोच वापरतात. ताऱ्यांच्या त्याच घोळक्यातला, सालस, कधी त्रास न देणारा. त्याच्यावर कोण शंका घेणार?

धाकटी: सालस. बरं. आणि हे कुणाकुणाला कळलंय?

थोरली: मला. आता तुला.

धाकटी: मग उद्या खुशाल बोल. नोकरी कायम होऊ दे, चूक झाली म्हणून मागाहून सांग. माणसं चुकतात.

थोरली: हे तू बोलतेस?

धाकटी: हो, मीच. नोकरी कायम झाली की मोठं घर मिळेल, घर मिळालं की बाबांना नेईन, हे तुझेच शब्द. त्या ग्रहाच्या आशेवर तुझ्यापेक्षा जास्त मी बसलेय, ताई. बाबांना उचलून उचलून माझी कंबर गेलीय. नवरा पाहुण्यासारखा येतो नि जातो. मला एक दिवस दार लावून नुसतं झोपायचंय.

थोरली: कधी बोलली नाहीस.

धाकटी: तू विचारलंस कधी? फोन केलास की एकच, बाबा कसे आहेत. मी म्हणायचे, बरे आहेत. चिमी आहे ना, म्हणजे सगळं जागच्या जागी, असंच धरून चाललीस तू.

(आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज.)

बाबा: थोरली आलीय का? काय म्हणतायत तुझे साहेब, ग्रहाबद्दल?

धाकटी: तूच सांग त्यांना. मला नाही जमणार.

थोरली: बाबा, ग्रह नाही निघाला. मोजण्यात चूक झाली.

बाबा: पकडली कुणी?

थोरली: मीच.

बाबा: मग बरं झालं. दुसऱ्यानं पकडण्यापेक्षा. पण आता त्या वरच्या मजल्यावरच्या वकिलाला काय तोंड दाखवू मी?

धाकटी: सांगा, ग्रह रजेवर गेलाय.

बाबा: चेष्टा पुरे. चिमे, मला जरा कुशीवर कर. पाठ भरून आलीय.

धाकटी: आलेच, बाबा. ताई, तू फोनवर काय करतेयस?

थोरली: साहेबांना कळवलं. उद्याचं भाषण रद्द.

धाकटी: कळवलंससुद्धा? झालं. म्हणजे मी पुन्हा वाट बघत बसायची.

थोरली: माझी एकच खोली आहे, चिमे.

धाकटी: माहितेय.

थोरली: आणि रात्री मी दुर्बिणीवर...

धाकटी: दुर्बीण आता आपोआप चालते. तूच म्हणालीस.

थोरली: हो. चालते.

धाकटी: राहू दे. मी भांडत नाहीये. भांडायला तरी अंगात त्राण पाहिजे.

थोरली: एका खोलीत दोन खाटा मावतील. टेबल बाहेर काढते. या रविवारी गाडी घेऊन येते बाबांना न्यायला.

धाकटी: नोकरी राहील का तुझी?

थोरली: माहीत नाही. तू उठू नकोस, बस. आज मी करते. हात आधी कुठे घालायचा गं, खांद्याखाली की कमरेखाली?