शालीखालचा हार

बसा, सगळे बसा. मागं उभे आहेत त्यांनीही सतरंजीवर जागा करून घ्या. मला उभं राहून बोला म्हणाले होते, पण माझे गुडघे तयार नाहीत. मी खुर्चीतूनच बोलते. मी सरूबाई, विमलची थोरली जाऊ. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे भाषण येत नाही. बोलता मात्र येतं. आमच्या घरच्यांना ते माहीत आहे, बघा, आधीच माना खाली घालून बसलेत.

अवघड जातंय हो. रडू येतंय म्हणून नाही. इतकी वर्षं मी कुठं बोलायला लागले की शेजारून ती म्हणायची, "आक्का, जरा हळू." आज कुणी म्हणत नाही. मग थांबायचं कुठं, तेच कळेना.

एक आधी सांगते. माझ्या आधी जे बोलले त्यांच्यातल्या दोघांनी तिला "बिचारी" म्हटलं. बिचारीचं उमेदीचं वय शेतात गेलं म्हणे. तुम्ही चांगलं बोलायला आला होतात, म्हणून मी मध्ये तोंड घातलं नाही. पण विमल बिचारी नव्हती. तिच्यासमोर म्हणाला असतात तर चहा न पिता घरी गेला असतात.

तिचं माहेर देवळाली कॅम्पचं. वडील शिंपी, फौजींचे कपडे शिवायचे. लग्नाआधी ती नाटकात कामं करायची. आधी गणपतीपुढं, मग नाशकातल्या हौशी मंडळींबरोबर. चांगली करायची म्हणे. मी पाहिलं नाही. मी तेव्हा मखमलाबादला आमच्या मळ्यात झेंडू तोडत होते. ही लग्न होऊन आली, आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ऐकवलं, "आपल्याकडं फुलं तोडायची असत्यात, तोंडं रंगवायची नसत्यात." विषय संपला. विमल फुलं तोडायला लागली. फुलबाजारात बसायला लागली. तिथं मात्र अशी आरोळी द्यायची की पलीकडचा चहावाला दचकायचा. म्हणायची, "नाटक सोडलं आक्का, घसा नाही सोडला."

पोरं मोठी झाली, सुना आल्या, सासूबाई गेल्या. विमलनं साठी ओलांडली. एका सकाळी एक चष्मेवाला माणूस बाजारात हार घ्यायला आला. नटराजाच्या पूजेला पाहिजे म्हणाला, आणि लागला घासाघीस करायला. विमलनं त्याला असा झाडला, असा झाडला, की आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. तो मात्र हलेना. म्हणाला, "मावशी, तुमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल."

विमल म्हणाली, "जाईल काय? गेलेला आहे पूर्वी."

हे ते प्रशांतसर. तिथं खांबाजवळ बसलेत. दिवसा बँकेत असतात, संध्याकाळी नाटकं बसवतात. हार त्यांना आम्ही सांगितलेल्याच भावानं घ्यावा लागला, हेही सांगून ठेवते.

त्यांच्या नाटकात एक म्हातारी मुख्याध्यापिका होती. रिटायर झालेली, लय कडक. सबंध अंक खुर्चीत बसून तिनं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ते काम त्यांनी विमलला दिलं. तिनं घरी येऊन सांगितलं. तिचा महेश म्हणाला, "आई, या वयात? लोक काय म्हणतील?" बस रे महेश, तुला आत्ता काही म्हणत नाही. तेव्हा म्हटलं होतं. "तुझ्या वरातीत तू रस्त्यावर लोळून नागीण झाला होतास, तेव्हा लोक काय म्हणाले ते सांगू का?" आणि आमचे भाऊजी? विमलचे मालक? त्यांनी दुसऱ्या दिवशी स्कूटरवरचे फुलांचे क्रेट उतरवले, सीट पुसली आणि विचारलं, "किती वाजता सोडायचं तुला?" भाऊजी, तुम्ही जन्मात एवढं एकच वाक्य वेळेवर बोललात, पण ते बोललात.

दुपारी आम्ही दोघी ओट्यावर हार करायला बसायचो. मध्ये झेंडूचा ढीग. ती एक वाक्य बोलायची, एक फूल ओवायची. समोरच्यांची वाक्यं मी टाकायची. मला नीट वाचता येत नाही, पण ती वाचून दाखवायची ते ऐकून ऐकून डोक्यात बसलं. जावई मी, शिपाई मी, शेजारीण मी. माझा जावई ऐकला की ती सुई खाली ठेवायची. "आक्का, जावई आहे तो. बांधावरून भांडायला आलेला नाही."

महिन्याभरात अंक पाठ झाला. मग स्टेजवरची तालीम लागली. मी सोबत गेले होते. ही खुर्चीत बसली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, तोंड उघडलं, आणि काही नाही. एक शब्द नाही. पुन्हा केलं. पुन्हा नाही. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. प्रशांतसर भला माणूस, ओरडले नाहीत. पण प्रयोग तोंडावर आला होता. म्हणाले, "मावशी, उद्या नाही जमलं तर मला दुसऱ्या बाई बघाव्या लागतील." बरोबरच होतं त्यांचं.

घरी आली ती ओट्यावर बसून राहिली. जेवायला बोलावलं तर उठेना. म्हणाली, "आक्का, पहिल्यांदा सोडलं ते सासूबाईंच्या नावावर सोडलं. आता कुणाच्या नावावर सोडू?"

पाठीवरून हात फिरवणं मला जमत नाही. मी तिच्यापुढं झेंडूची पाटी सरकवली. म्हटलं, "सकाळची ऑर्डर आहे. रडायचं तर ओवता ओवता रड." तिनं सुई घेतली. ओवायला लागली. आणि पुटपुटायला लागली. सगळा अंक, अथपासून इतिपर्यंत. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसलो. स्टेजवर शब्द का फुटेना, त्याचं कारण समोर होतं हो. लग्न झाल्यापासून ही बाई हात रिकामे ठेवून कधी बोलली होती? आणि मी तरी?

दुसऱ्या दिवशी तालमीला मी फुलांची पिशवी घेऊनच गेले. सरांना म्हटलं, "हिच्या मांडीवर शाल टाका. शालीखाली हिचं हिला करू द्या."

सर म्हणाले, "अहो, पण मुख्याध्यापिका हार कशाला ओवेल?"

म्हटलं, "तुमची मुख्याध्यापिका नाही ओवत. आमची विमल ओवते. लोकांना तोंड दिसतं ना, बास झालं."

सर हसले. आणि शाल आणली. एवढं ऐकणारा माणूस मी कमी पाहिलाय.

पहिल्या प्रयोगाला मी विंगेत स्टुलावर बसले होते. विमल बोलत होती, काय बोलत होती! समोरची माणसं खरंच शाळेत असल्यासारखी बसलेली. आणि मध्येच शालीखालून एक झेंडू निसटला. टपकन पडला, घरंगळत घरंगळत थेट स्टेजच्या कडेला. सगळं थिएटर त्या फुलाकडं बघतंय. जावयाचं काम करणारा तो उंच पोरगा, त्याचं वाक्यच पळालं. म्हटलं, गेलं. आता गेलं.

विमलनं फुलाकडं पाहिलं. मग चष्म्यावरून जावयाकडं पाहिलं. त्याच आवाजात म्हणाली, "बघता काय? माझ्या वर्गात असतात तर सांगायची वेळ आली नसती. उचला."

त्यानं मुकाट्यानं उचललं आणि खिशात घातलं. लोक हसून हसून आडवे झाले. सरांनी ते वाक्य नाटकात कायमचं ठेवलं. पुढं दर प्रयोगाला एक फूल मुद्दाम पडायचं. आणि पडदा पडला की शालीखालून अख्खा हार निघायचा. तो पडद्यामागच्या नटराजाला. तेव्हापासून सरांना बाजारात घासाघीस करायची गरज पडली नाही.

नंतर तिनं किती नाटकं केली ते सर सांगतील. हात रिकामे ठेवून बोलायलाही शिकली. एका नाटकात तर मरायचीसुद्धा. स्टेजवर मरायला तिला दहा मिनिटं लागायची, सगळ्यांना बोलावून, एकेकाला सुनावून. घरी एवढाही वेळ घेतला नाही. मंगळवारी चहा प्यायली, "जरा पडते" म्हणाली, आणि गेली. मी म्हणते, चांगलं झालं. सुनावायचं तिचं कुणाला राहिलं नव्हतं.

एकदा मी विचारलं होतं, "विमे, मधली एवढी वर्षं गेली, त्याचं काही वाटतं का गं?"

ती म्हणाली, "तेव्हा वाटलं होतं. आता मिळालंय तर त्याचा हिशेब कुठं घालत बसू?" मग म्हणाली, "आक्का, टाळ्यांचं मला काही नाही. टाळ्या आपल्या महेशच्या नागिणीलाही पडल्या. मला आवडतं ते त्याच्या आधीचं. तिसरी घंटा होते. दिवे जातात. पिशव्या वाजायच्या थांबतात, कुणीतरी शेवटचं खोकून घेतं. आणि मग सगळे एकदम गप. अजून कुणाचं काही चुकलेलं नसतं. तेवढ्यासाठी मी परत आले."

फोटोला चंदनाचा हार नको म्हणून मी सांगितलं होतं. तो झेंडूचा मी केलाय. करताना तिचा अंक म्हटला, सगळा, जावयासकट. आज हळू म्हणायला कुणी नव्हतं.

आता उभे राहा. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी बसा. मोबाईल बंद करा. खोकायचं असेल त्यानं आत्ताच खोकून घ्या. दुःखाचे चेहरे करू नका, ते तिला लगेच ओळखू यायचे. पडदा उघडायच्या आधी बसता ना, तसे गप राहा.

झाली घंटा.