शीळ चालू होती

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे एकमेकींना अनोळखी अशा दोन बायका उभ्या होत्या. तरुण बाईने स्क्रू ड्रायव्हर मागितला, तशी वयस्कर बाई वळली.

“बाथरूमची कडी काढायचीय ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“नवरा आत बसून नशेची सुई टोचून घेतो?”

“...हो. हाका मारून माझा घसा बसतो, पण दार उघडत नाहीत. सासूबाई म्हणतात, तूच संशयी.”

“माझ्याही तेच म्हणायच्या. नुसती कडी काढून भागत नाही गं. आत असेपर्यंत त्याला शीळ घालायला लाव. शीळ थांबली की आपण आत शिरायचं.”

“ऐकतील ते?”

“माझा लग्नाआधी माझ्या खिडकीखाली घालत होताच की! ऐकायचा. शीळ ऐकत मी कामं उरकायचे.”

“मग आता बरे आहेत?”

“गेला. त्या दिवशीही शीळ चालू होती, म्हणून मी निर्धास्त होते. टॉवेल द्यायला दार ढकललं, तर केव्हाचाच गार पडलेला.”

“मग शीळ कोण घालत होतं?”

“कोणास ठाऊक. अजून थांबलेली नाही.”

दुकानदाराने वयस्कर बाईपुढे नवी कडी ठेवली.

“बाथरूमला आतून बसवायचीय ना, मावशी?”

“नाही. बाहेरून.”